कंट्रोल, ऑल्ट आणि प

आत्याच्या कॉम्प्युटरवर पत्ते एचने उघडतात. नुसता एच नाही. कंट्रोल आणि ऑल्ट धरून ठेवायचे आणि एच दाबायचा, की पेशन्सचा डाव समोर. माझ्या मुलाने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा क्षणभर विचार करून तो म्हणाला, "एच म्हणजे हार्ट्स असणार. बदाम." आत्या अर्धाच भरलेला चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसली होती. "एच म्हणजे प," ती म्हणाली. "पत्त्यातला." आणि चहा प्यायला लागली. तिच्या बाजूने विषय संपला होता.

माझ्या बाजूने तो अजून संपलेला नाही. ज्या गोष्टीतली जाणकार म्हणून मी घरात मिरवत होते, नेमक्या त्याच गोष्टीत आत्याने मला गप्प केलं. हे पचायला वेळ लागतो.

आत्या पंचाहत्तरीची आहे. शनिवार पेठेत, वाडा पाडून बांधलेल्या आठ बिऱ्हाडांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. मुलगा बंगळुरूला. तीन वर्षांपूर्वी तिचे हात थरथरायला लागले. पार्किन्सन्सच्या धास्तीने आम्ही सगळे दवाखान्यात गेलो, तर डॉक्टर म्हणाले, तो नव्हे, हा इसेन्शियल ट्रेमर. हात मांडीवर असले की स्वस्थ असतात, काही करायला उचलले की थरथरतात. म्हणून कप अर्धा. म्हणून चेकवरची सही बँकेला पटेना. आणि म्हणून माऊस.

डबल क्लिक ही केवढी कसरत आहे हे हात धड असेपर्यंत कळत नाही. विंडोज आपल्याला मुळात अर्धा सेकंद देतं. दोन्ही टिचक्या तेवढ्यात व्हायला हव्यात, आणि मधल्या वेळात बाण जागचा हलता कामा नये. हलायला मुभा किती, तर चार पिक्सेलची चौकट. आत्याची पहिली टिचकी एक्सेलवर पडायची आणि दुसरी शेजारच्या फोल्डरवर. बटण दाबलेलं असतानाच हात सरकला तर आयकॉन उचलला जायचा आणि भलतीकडे जाऊन पडायचा. सोसायटीच्या हिशेबाची फाइल एकदा रीसायकल बिनमध्ये सापडली. "कुणीतरी हलवलंय," असं ती दोन दिवस म्हणत होती. कुणीतरी म्हणजे मी, हे न सांगताही कळत होतं.

मी आधी डबल क्लिकचा वेग कमी करून पाहिला. मग एका टिचकीत सगळं उघडेल अशी सोय केली. ती असते, फोल्डर ऑप्शन्समध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला की सात एक्सेल उघडली आहेत आणि आठवं उघडतंय, ये.

मग मी माझा हुकमी उपाय काढला.

माझं काम मुद्रितशोधनाचं आणि भाषांतराचं. चार वर्षांपूर्वी उजवं मनगट धरलं, तेव्हा व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी माऊस कमी करा म्हणून सांगितलं, आणि तेव्हापासून मी कीबोर्डवरच्या आडवाटांच्या नादाला लागले. टास्कबारवर डावीकडून पहिलं जे बसवलंय ते विंडोजचं बटण आणि एकने उघडतं, दुसरं दोनने, असं नवापर्यंत. विंडोज आणि आरने एक छोटी पट्टी येते, तिच्यात नोटपॅडचं नाव लिहिलं की नोटपॅड, विनवर्ड लिहिलं की वर्ड. हे कळल्यावर काही महिने मी असह्य झाले होते. बँकेत काउंटरपलीकडचा मनुष्य एक आकडा कॉपी करायला मेनू उघडून, त्यात शोधून, टिचकी मारतो हे बघून मला काचेखालून हात घालावासा वाटायचा. नवऱ्याच्या मागे उभं राहून "विंडोज ई दाब ना" म्हणायचं मी त्याने कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीत नेल्यावर बंद केलं.

तर आत्यासाठी मी डेस्कटॉपवरच्या एकेका शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये गेले. तिथे 'शॉर्टकट की' असा एक रकाना असतो. वर्षानुवर्षं समोर असतो आणि कुणाचं लक्ष जात नाही. त्यात जाऊन नुसतं एक अक्षर किंवा आकडा दाबला की विंडोज आपणहून त्याच्या आधी कंट्रोल आणि ऑल्ट लावून टाकतं. मी आकडे दिले, सोपे म्हणून. एक: मेल. दोन: एक्सेल. तीन: यूट्यूब. चार: कॅल्क्युलेटर. छोट्या चिठ्ठ्या छापून त्या बटणांवर चिकटवल्या. चहा पिऊन, स्वतःवर खूश होऊन कर्वेनगरला परत आले.

तिन्ही बटणं एकदम धरायला तिला जमेल का, ही धाकधूक होतीच. तशी न जमणाऱ्यांसाठी विंडोज ९५ पासून स्टिकी कीज नावाची सोय आहे. कंट्रोल दाबून सोडा, ऑल्ट दाबून सोडा, मग अक्षर दाबा, तिन्ही मिळून एक धरलं जातं. तिची गरज पडली नाही. माऊसला हाताबरोबर मोकळं फिरायचं असतं, बटणाला खाली तळ असतो. बोट एकदा टेकलं की थरथर तिथेच जिरते. शिवाय आत्या बटणं दाबत नाही, ठोकते. त्याचं कारण पुढे येईलच.

आठवड्याने तक्रार आली. आत्या सोसायटीची खजिनदार आहे, दर महिन्याला आठ पावत्या करते. पावत्या इंग्रजीत, कारण तिसऱ्या मजल्यावरचं बिऱ्हाड तमिळ आहे. "अगं, रुपया काढायला गेलं की कॅल्क्युलेटर येतो," ती म्हणाली. "तू त्याला काय सांगून ठेवलंयस?" मला आधी समजेचना. जाऊन बघितलं तर ती बरोबर होती. विंडोजच्या इंग्रजी-इंडिया कीबोर्डवर ₹ हे चिन्ह उजवा ऑल्ट आणि चारने उमटतं. आणि अशा कीबोर्डवर उजवा ऑल्ट म्हणजे विंडोजच्या लेखी कंट्रोल अधिक ऑल्टच. म्हणजे मी आत्याच्या रुपयावर कॅल्क्युलेटर बसवला होता. दर पावतीला एक याप्रमाणे आठ कॅल्क्युलेटर उघडून ती शांतपणे बंद करत बसली होती.

मला जास्त नवल वाटलं ते तिला उजवा ऑल्ट आणि चार माहीत असल्याचं. मी स्वतः ₹ कुठूनतरी कॉपी करून चिकटवते. रुपयाचं चिन्ह २०१० साली आलं, आत्या २००८ सालीच निवृत्त झाली होती. "नवं अक्षर आलं म्हटल्यावर ते कुठल्या बटणावर बसवलंय हे बघायला नको?" ती म्हणाली. तिच्या आवाजात असा काही भाव होता की शेजारी नवं बिऱ्हाड आलं तर चौकशीला जायला नको का.

आता ठोकण्याचं कारण. आत्या एकोणीस वर्षांची असताना टिळक रोडवरच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये जायला लागली. अकरावी मॅट्रिक झालेल्या मुलींनी तेव्हा दोनच गोष्टी करायच्या, असं ती सांगते: टायपिंग किंवा लग्न, आणि टायपिंग केलं की लग्नालाही बरं. गोदरेजची यंत्रं. भारतातला पहिला टाइपरायटर गोदरेजनेच १९५५ साली बनवला. वर पत्र्याचं झाकण, म्हणजे बोटं दिसणार नाहीत. खाली ए एस डी एफ जी एफ, सेमीकोलन एल के जे एच जे, पान भरेस्तोवर. तिसची परीक्षा, चाळीसची परीक्षा, हे आकडे मिनिटाला शब्दांचे. आधी इंग्रजी, मग मराठी. त्या जोरावर कॅम्पात एका निमसरकारी कार्यालयात चिकटली ती सदतीस वर्षं. कळ जोरात मारली नाही तर कार्बनची तिसरी प्रत उमटायची नाही, म्हणून ठोकणं. आज तिच्यासमोर कार्बन नाही, पण बोटांना कुणी कळवलेलं नाही.

ही गोष्ट मला अर्धवट माहीत होती. पुढची अजिबात नव्हती. १९९६ साली ऑफिसात कॉम्प्युटर आले आणि त्यांच्यावर सी-डॅकचं मराठीचं सॉफ्टवेअर. सी-डॅक ही पुण्यातली संस्था, १९८८ ची. परम महासंगणकामुळे नावारूपाला आली, पण टायपिस्ट मंडळींच्या आयुष्यात ती आली जिस्ट आणि आयएसएम या नावांनी. तिथल्या मराठी कीबोर्डचं नाव इनस्क्रिप्ट. टाइपरायटरवरची सगळी अक्षरं त्यात जागा बदलून बसलेली. शेहेचाळिसाव्या वर्षी, पंचवीस वर्षं जिथे क असायचा तिथून तो काढून दुसरीकडे ठेवायचा. बरोबरच्या काही जणींनी जुनीच मांडणी मागून घेतली, आणि ती मिळतही होती. आत्याने नवी शिकली. का, तर तिला ती पटली. "टाइपरायटरमध्ये अक्षरं यंत्राच्या सोयीने बसवली होती," ती म्हणाली. "अर्धा क एका कोपऱ्यात, काना दुसऱ्या कोपऱ्यात. इथे बघ, डाव्या हाताला सगळे स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. व्यंजन मारलं की स्वर, उजवा-डावा, उजवा-डावा. पेटी वाजवल्यासारखं."

मी नंतर वाचलं, ते असंच आहे. १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात ही मांडणी आहे, आणि तिचं वैशिष्ट्य म्हणजे ती सगळ्या भारतीय लिप्यांना सारखी. के या बटणावर मराठीत क, गुजरातीत क, कानडीत क, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाने लावली तर तमिळमध्येही क. एल वर त, एच वर प, पी वर ज. के सोडला तर बटणावर छापलेल्या इंग्रजी अक्षराशी आवाज सहसा जुळतच नाही, आणि जुळावा अशी कुणाची अपेक्षाही नव्हती.

रुपयाचा घोळ मिटवायला मी गेले त्या दिवशी आत्या म्हणाली, "मुळात आकडे दिलेसच कशाला? आकडे वरच्या ओळीत. तिथे बघून मारावं लागतं. अक्षरं दे." मग मी माझ्या मते सोपी अक्षरं सुचवली. मेलला एम, कॅल्क्युलेटरला सी, यूट्यूबला वाय. ती माझ्याकडे बघत राहिली. "एम म्हणजे स ना? मेलला स का?"

मी म्हटलं, मेलमधला एम. ती म्हणाली, "मेलमध्ये म आहे. म सीवर आहे."

त्या टेबलाशी बसून आम्ही नव्याने यादी केली. तिने सांगायचं, मी रकाना भरायचा. पत्त्यांना प, म्हणजे एच. हिशेबाला ह, म्हणजे यू. गाण्यांना ग, म्हणजे आय. वेबसाइटच्या शॉर्टकटलाही हा रकाना असतो, त्यामुळे यूट्यूब थेट उघडतं. बातम्यांना ब, म्हणजे वाय. कॅल्क्युलेटरला क, म्हणजे के, एवढं एक माझ्या बाजूने पडलं. आणि गंमत बघा, ही व्यंजनं जवळपास सगळी उजव्या हाताला येतात, त्यामुळे डाव्या हाताने खाली कंट्रोल-ऑल्ट धरायचे आणि उजव्याने अक्षर ठोकायचं. तिचे दोन्ही हात टेकलेले, दोन्हींना काम. म तेवढा डाव्या बाजूला येतो. "म्हणून मी मेल फारसा बघत नाही," असं तिने तिथल्या तिथे कारण करून टाकलं.

माऊसचा जनक डग्लस एंगेलबार्टने ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत लोकांना पहिल्यांदा माऊस चालवून दाखवला, तेव्हा उजव्या हातात माऊस होता आणि डाव्या हाताखाली पाच बटणांची एक छोटी पेटी. बटणं एकेकटी किंवा मिळून दाबून डावा हात हुकूम द्यायचा, उजवा नुसता जागा दाखवायचा. पुढे माऊस जगभर गेला आणि पेटी राहिली तिथेच. त्या प्रात्यक्षिकाची फिल्म आहे, ती मी आत्याला दाखवली. ती म्हणाली, "बोटं छान टाकतोय."

चिठ्ठ्या तिने त्याच दिवशी नखाने खरवडून काढल्या. "बोटांना वाचता येत नाही," म्हणाली.

त्यानंतर तिच्याकडून एकेक निघायला लागलं, आणि मला कळलं की जी बटणं मी तिला शिकवणार होते ती तिला कधीचीच येतात, फक्त तिच्याकडे त्यांची नावं वेगळी आहेत. कॉपी करायला कंट्रोल-सी दाबतात असं आपण म्हणतो. ती म्हणते कंट्रोल-म. चिकटवायला कंट्रोल-न. कापायला कंट्रोल-अनुस्वार. लॅरी टेस्लर आणि झेरॉक्स कंपनीच्या पार्क नावाच्या संशोधन केंद्रातल्या त्याच्या सहकाऱ्यांनी कापणं, उचलणं, चिकटवणं ही रीत सत्तरीच्या दशकात बसवली. पुढे ॲपलच्या लिसा या कॉम्प्युटरवर त्यासाठी झेड, एक्स, सी, व्ही ही बटणं आली, ओळीने शेजारी-शेजारी, डाव्या हाताखाली. त्यात एक्स कात्रीसारखा दिसतो, सी कॉपीचा, असं आपण समजावून देतो. आत्याला यातलं काही लागलेलं नाही. तिला ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं, तिने बोटाला सांगितलं, आणि बोटाने जे अक्षर ऐकलं ते मराठी होतं. सेव्ह करायला कंट्रोल-मात्रा. शोधायला कंट्रोल-पहिली वेलांटी. फोल्डर उघडायला विंडो-काना.

माझं आवडतं म्हणजे विंडोज आणि डी. ते दाबलं की उघडलेल्या सगळ्या खिडक्या एका झटक्यात खाली जातात आणि मोकळा डेस्कटॉप दिसतो. इंग्रजीत डी डेस्कटॉपचा. इनस्क्रिप्टमध्ये डीवर हलन्त आहे, ज्याने अक्षराचा पाय मोडतो. "पाय मोडला की सगळे खाली बसतात," आत्या म्हणाली. ती विनोद करत नव्हती. ती ते तसंच लक्षात ठेवते.

मी घरी येऊन माझ्या टेबलाशी बसले तेव्हा थोडी अस्वस्थ होते, ती अशासाठी. मी दिवसभर मराठी लिहिते. दुसऱ्यांचं मराठी तपासते, ह्रस्व-दीर्घावरून लोकांना छळते. पण लिहिते कशी? इंग्रजी स्पेलिंग टाकून. एम ए आर ए टी एच आय मारते, पडद्यावर 'मराठी' येतं, ते निवडते. ळ हवा असला तर एल टाकून खालच्या पर्यायांत शोधते. वीस वर्षं झाली. मला ही तडजोड आहे असं कधी वाटलंच नव्हतं. माझ्या डोक्यात मराठी शब्द येतो, बोटांपर्यंत जाताना तो रोमन होतो, आणि पडद्यावर जाऊन पुन्हा मराठी होतो. आत्याच्या बाबतीत मधला मुक्कामच नाही. तिच्या पिढीला कॉम्प्युटर येत नाही म्हणून आपण त्यांना शिकवायला जातो.

इनस्क्रिप्ट शिकायचं मी ठरवलं. आठ दिवस टिकले. मुदतीचं काम आलं आणि सोडून दिलं. हे इथे प्रामाणिकपणे सांगितलेलं बरं, कारण आत्या हा लेख वाचणार आहे.

मधे एक विघ्न आलं. दिवाळीत माझा मुलगा तिच्याकडे दोन दिवस राहिला आणि आजीचा डेस्कटॉप किती घाण आहे हे बघून त्याने तो आवरला. सगळे शॉर्टकट 'जुनं' नावाच्या एका फोल्डरमध्ये. भाऊबीजेला मी गेले तर आत्या हात मांडीवर ठेवून बसलेली. प दाबला, पत्ते नाहीत. ह दाबला, हिशेब नाही. कॉम्प्युटर बिघडला असं ती म्हणाली नाही. "माझंच काहीतरी चुकत असेल," म्हणाली, आणि मला ते त्या सात एक्सेलपेक्षा वाईट वाटलं, कारण चूक तिची नव्हती. प्रॉपर्टीजमध्ये अक्षर नोंदवलेलं असतं, पण ते चालायला शॉर्टकट एकतर थेट डेस्कटॉपवर असावा लागतो किंवा स्टार्ट मेनूत. डेस्कटॉपवरच्या फोल्डरच्या आत गेला की रकान्यात अक्षर तसंच दिसतं आणि दाबलं की काही होत नाही. मी सगळे उचलून स्टार्ट मेनूच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवले, जिथे आवराआवर करायला सहसा कुणी जात नाही. डेस्कटॉप मुलाने ठेवला तसा स्वच्छ राहिला, त्यावर आता नातवंडांचा फोटो पूर्ण दिसतो. मुलाला मी रागावले. आत्याने त्याला उलट शंभर रुपये जास्तच दिले.

यंदा मशीन बदलायचं निघालं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तिचं मशीन ११ घेण्याच्या लायकीचं नाही असं पडद्यावर यायला लागलं. ("लायकी काढतात," आत्या म्हणाली.) नवं मशीन दुकानवाला घरी आणून देणार होता, पण कीबोर्ड ती स्वतः बघून घेणार होती. म्हणून एका दुपारी आम्ही तपकीर गल्लीत गेलो. रविवार टाळला, तरी गल्लीत पाऊल टाकायला जागा नव्हती. तीन दुकानांत तिने कीबोर्ड खोक्यातून काढायला लावून काउंटरवर ठेवले, खुर्ची मागितली, आणि बोटं टेकवून ए एस डी एफ जी एफ, सेमीकोलन एल के जे एच जे सुरू केलं. वायर कशालाच जोडलेली नव्हती. पहिला कीबोर्ड "बसका". दुसरा "बिस्किटासारखा". तिसऱ्या दुकानात एक मुलगा खेळांसाठीचा मेकॅनिकल कीबोर्ड बघत होता, निळ्या स्विचचा, प्रत्येक बटणाला खट्ट असा आवाज. आत्याने मान वळवली. त्या मुलाच्या हातातून तो जवळजवळ काढूनच घेतला, एक ओळ मारली, आणि तिच्या चेहऱ्यावर मी बऱ्याच वर्षांत न पाहिलेलं काहीतरी आलं. दुकानदाराने वायर जोडून दाखवली तेव्हा बटणांखाली सप्तरंगी दिवे लागले, लाटेसारखे इकडून तिकडे धावायला लागले. "हे बंद होतात ना?" तिने विचारलं. होतात, तो म्हणाला. मग घेतला.

परवा दुकानातला मुलगा मशीन लावायला आला. विशीतला असेल. सगळं जोडून झाल्यावर त्याने विचारलं, "आजी, काही सेटिंग करून देऊ का?" मी खिशातून यादी काढत होते तोवर आत्याने सांगायला सुरुवातही केली होती.

"पत्त्यांच्या शॉर्टकटला प दे."

त्याने प्रॉपर्टीज उघडल्या. रकाना त्याला माहीत नव्हता, तो मी दाखवला. मग तो कीबोर्डवर वाकला. दिवे अजून चालू होते. हिरवा, पिवळा, लाल. तो पी दाबायला गेला.

"तो ज आहे," आत्या म्हणाली. "प. उजवं पहिलं बोट ठेव. उंचवटा लागतोय का बोटाला? आता एक घर डावीकडे."

त्याने दाबलं. रकान्यात कंट्रोल, ऑल्ट, एच आलं. तो माझ्याकडे बघायला लागला. मी काही बोलले नाही.

"पुढचं?"

"हिशेबाला ह. परत उंचवट्यावर ये, तिथनं वर जा. वर आणि किंचित डावीकडे."

बोट वर सरकलं, यूवर येऊन थांबलं. त्याने आत्याकडे पाहिलं. तिने मान हलवली.

"आता ग," ती म्हणाली, आणि तो शोधायला लागला.